सरकारने जहाजांना पैसे द्यावेत का? १८९३ च्या मुंबईपासून आजपर्यंत

इंजिनरूम

२४ सप्टेंबर २०२५ ला केंद्र सरकारने जहाजबांधणी आणि जहाजवाहतुकीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. बंदरांवर, वाढवणवर आपण इथे पानंच्या पानं भांडलो आहोत, पण त्या बंदरांत येणारी जहाजं कोणाची, यावर एकही धागा सापडला नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी ३४ वर्षं बोटीवर काढली, सगळी इंजिनरूममध्ये. १९८१ ला पहिल्यांदा साइन ऑन केलं तेव्हा बोटीच्या मागच्या अंगाला, नावाच्या खाली, 'मुंबई' रंगवलेलं होतं, म्हणजे बोटीची नोंदणी आणि झेंडा तिथला. २०१५ ला शेवटचं साइन ऑफ केलं त्या बोटीवर 'माजुरो' होतं. माजुरो ही मार्शल बेटांची राजधानी. ती बोट तिथे कधी गेली नव्हती, आम्हीही नाही. मालक ग्रीक, कॅप्टन पंजाबचा, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) दापोलीचा, पोटात ब्राझीलचं लोखंडाचं खनिज आणि जायचं चीनला. माणसं आपली, समुद्र सगळ्यांचा, पण भाडं अथेन्सला.

सरकारचेच आकडे सांगतात की १९८७-८८ मध्ये आपल्या आयात-निर्यातीचा ४०.७ टक्के माल भारतीय जहाजांतून जात होता. २०१८-१९ मध्ये तो ७.८ टक्क्यांवर आला. माझी बहुतेक नोकरी या दोन आकड्यांच्या मधली आहे.

आता माझा मुद्दा. जहाज पैशाने विकत घेता येतं, पण तरंगत राहतं ते मालावर. ज्या देशाने आपल्या जहाजांना माल मिळेल याची व्यवस्था केली, त्याचा ताफा वाढला. नुसते पैसे दिले तिथे पैसे गेले आणि जहाजंही गेली. याचं पहिलं उदाहरण आपल्याच मुंबईत घडलेलं आहे.

१८९० च्या सुमाराला मुंबईहून जपानला कापूस आणि सूत जाई. या मार्गावर पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या दोन युरोपीय साथीदार कंपन्यांची मक्तेदारी होती. टनाला सतरा-अठरा रुपये भाडं. पी अँड ओला ब्रिटिश सरकारच्या टपालाचं कंत्राट होतं, म्हणजे माल असो नसो, ठरलेली रक्कम दरवर्षी हातात. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, उद्योगपती शिबुसावा एइइची यांना भेटले आणि निप्पोन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीशी भागीदारी ठरली. ७ नोव्हेंबर १८९३ ला 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईसाठी निघाली. जपानची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित फेरी. टाटांनी आपल्या बाजूने इंग्रजी बोटी भाड्याने घेतल्या.

पी अँड ओने दर पाडला, अगदी दीड-दोन रुपये टनापर्यंत. तोटा सोसायला टपालाचा पैसा होताच. मुंबईचे व्यापारी स्वस्त दराकडे वळले आणि टाटांची लाइन, म्हणजे नियमित जहाजसेवा, फार दिवस टिकली नाही. निप्पोन युसेन मात्र टिकली. कारण जपानी सूतगिरण्यांच्या संघाने तिच्याशी करार केला होता की आमचा कापूस तुमच्याच बोटींतून येईल, दर कितीही पडो. शिवाय घरच्या मार्गांसाठी तिला जपान सरकारची वार्षिक मदत होती. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, जपानने कायदाच केला: १००० टनांवरच्या, ठरावीक वेगाच्या पोलादी जहाजांना परदेशी फेऱ्यांसाठी अनुदान. तीच निप्पोन युसेन आजही जगातल्या मोठ्या कंपन्यांत आहे.

मार्ग एक, माल एक, समोरचा पैलवानही एकच. फरक पडला तो गिरण्यांच्या त्या कागदामुळे.

तुमची मतं लिहा. मला सगळ्यात जास्त हवी आहेत ती विरोधातली.

---

रानमेवा

काका, 'माजुरो' वाचून थांबले क्षणभर. माझे आजोबा पण बोटीवर होते, आजी अजून सांगते तारा यायच्या त्याबद्दल. वाचते आहे, चालू ठेवा.

---

अर्थमाणूस

विरोधातलं हवं म्हणालात म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, परदेशी जहाज स्वस्तात माल नेत असेल तर तो आपल्या कारखानदाराचा आणि ग्राहकाचा फायदा आहे. महागडं जहाज स्वतःचं म्हणून करदात्याने पोसावं का? नॉर्वे, ग्रीस यांच्याकडे ताफा मोठा आहे कारण ते त्यात पटाईत आहेत. आपण खलाशी आणि अधिकारी पुरवण्यात पटाईत आहोत. जगातल्या साधारण दर दहा दर्यावर्दींमागे एक भारतीय आहे. तीही कमाईच आहे.

दुसरी, 'वर्षाला ७५ अब्ज डॉलर परदेशी जहाजांना जातात' हा आकडा भाषणांत येतो. तो सगळा नफा नव्हे. त्यातलं इंधन, बंदरांचे आकार, जहाजाचा हप्ता, विमा वजा करा. उद्या जहाज भारतीय झालं तरी तेल डॉलरमध्येच घ्यायचं आणि जहाज कोरियाकडूनच आणायचं. वाचणारी रक्कम खूप लहान आहे.

तिसरी, अमेरिका बघा. १९३६ च्या कायद्याने त्यांनी दोन अनुदानं दिली. अमेरिकी कारखान्यात जहाज बांधलं तर परदेशी किमतीवरचा फरक सरकार देई. अमेरिकी माणसं ठेवून चालवलं तर तो फरकही सरकार देई. १९८१ मध्ये बांधणीचं अनुदान थांबलं आणि व्यापारी जहाजांच्या ऑर्डरी आटल्या. ४५ वर्षं पैसे देऊन स्वतःच्या पायावर उभा राहिलेला उद्योग मिळाला नाही. वर १९२० चा जोन्स कायदा: देशांतर्गत माल अमेरिकी बांधणीच्या, अमेरिकी झेंड्याच्या जहाजातूनच न्यायचा. तरी त्यांच्या झेंड्याखालची समुद्रगामी खासगी मालवाहू जहाजं आज २०० च्या आत आहेत. म्हणजे तुमचा 'माल राखून ठेवा' हा उपायही तिथे झाला होता. तरी ताफा आक्रसला.

---

इंजिनरूम

अर्थमाणूस, मनापासून आभार. ७५ अब्जांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तो आकडा मी स्वतः मुद्दाम वापरला नाही, त्याचं कारण हेच.

जोन्स कायद्याचं मात्र नीट उलगडून बघू. तिथे माल राखला, पण जहाज अमेरिकेतच बांधलेलं पाहिजे ही अटही घातली. तिथे जहाज बांधायला कोरियाच्या चार-पाच पट खर्च येतो. तेवढ्या किमतीचं जहाज कोण घेणार? मालक जुनीच जहाजं ठिगळं लावून चालवत राहिले आणि माल रेल्वे, ट्रक, पाइपलाइनकडे गेला. जहाज बांधणाऱ्याचं हित आणि जहाज चालवणाऱ्याचं हित एका दोरीला बांधलं की एक दुसऱ्याला घेऊन बुडतो. आपल्या पॅकेजमध्ये बांधणीची योजना वेगळी आहे, २४,७३६ कोटींची, २०३६ पर्यंत. ती वेगळीच राहावी असं मला कळकळीने वाटतं. चालवणाऱ्याला 'भारतीय बांधणीचंच घे' अशी सक्ती आज केली तर पुढची दहा वर्षं ताफा वाढणार नाही.

आणि स्वस्त दराचं म्हणाल तर स्वस्त दर शांततेत असतो. इराण-इराक युद्धात आखातात जायला परदेशी टँकर नाखूष असत, तेव्हा भारतीय झेंड्याचे टँकर जाऊन कच्चं तेल आणत होते. मी त्या वर्षांत इराणच्या खारग बेटावर तेल भरायला गेलो आहे. रात्री डेकवरचे दिवे मालवून जायचो. त्या फेरीला काय भाव लावायचा, हे मला तुमच्या हिशोबात बसवता येत नाही.

---

द्राक्षवेल

मी दिंडोरीचा. बाग आहे आणि युरोपला माल जातो. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रात हल्ले सुरू होते. आमचे कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेले. दोन आठवडे जास्त. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय, हे बागाईतदारालाच कळतं. देठ वाळतो, मणी गळतो. भाडं तर इतकं चढलं की लाइनच्या ऑफिसमधून रोज नवा दर यायचा आणि 'घ्यायचं तर घ्या' एवढंच उत्तर. ज्या लाइनने बुकिंग घेतलं होतं तिने ऐन वेळी आमचे दोन डबे मागच्या बोटीवर ढकलले. कोणाकडे दाद मागायची? ऑफिस इथे, निर्णय परदेशात.

मला धोरण कळत नाही. पण सगळ्या मोठ्या कंटेनर लाइन बाहेरच्या आहेत आणि आपली मोठी एकही नाही, हे त्या महिन्यात चांगलंच कळलं.

इंजिनरूम साहेब, एक खरं सांगा. आपली लाइन असती तर ती लाल समुद्रातून गेली असती का?

---

इंजिनरूम

भाऊ, खरं सांगतो. बहुतेक नसती गेली. माणसांच्या जिवाशी खेळ कोणी करू नये. पण तुमचे डबे कोणाच्या आधी चढवायचे आणि हंगामात भाडं किती वाढवायचं, हे मुंबईत बसलेल्या माणसाने ठरवलं असतं. त्याच्यापर्यंत तुमच्या बागाईतदार संघाला पोचता आलं असतं.

---

मीरा_चार्टरिंग

मी पंधरा वर्षं जहाजं भाड्याने देण्या-घेण्याच्या कामात आहे, आधी फोर्टमध्ये, आता सिंगापूरला. थोडं आतलं लिहिते.

भारतीय झेंड्याचं जहाज महाग का पडतं? कोणी आळशी आहे म्हणून नाही. जहाज आयात करताना आयजीएसटी भरावा लागतो. आपल्याकडचं कर्ज महाग आणि कमी मुदतीचं, तर परदेशी मालकाला डॉलरमध्ये स्वस्त आणि लांब मुदतीचं मिळतं. माणसं भारतीयच ठेवायची, पण तीच माणसं परदेशी झेंड्याखाली सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली की अनिवासी ठरतात आणि पगारावर इथे कर लागत नाही. भारतीय किनाऱ्यावर फिरणाऱ्या भारतीय बोटीवर तो लागतो. मग त्याच अधिकाऱ्याला हातात तेवढेच पैसे द्यायला भारतीय मालकाला पगार जास्त द्यावा लागतो.

२००४ मध्ये टनेज टॅक्स आला. नफ्यावर कर न लावता जहाजाच्या टनभारावर नाममात्र कर. ग्रीस हे १९५७ पासून करत होता, नेदरलँड्सने १९९६ ला आणि ब्रिटनने २००० ला सुरू केलं. आपण उशिरा आलो, पण आलो. त्याने असलेल्या कंपन्या टिकल्या. मालाचा वाटा मात्र घसरतच राहिला.

मग जुलै २०२१ ला १,६२४ कोटींची योजना आली, पाच वर्षांसाठी. ती काकांच्या मुद्द्याच्या सर्वात जवळची आहे. समजा सरकारी तेल कंपनीच्या निविदेत परदेशी जहाजाने १०० चा दर दिला आणि भारतीय कंपनीने ११२ चा. आधीच्या नियमाने भारतीय कंपनीला पहिला हक्क होता, पण काम १०० लाच घ्यायचं. तोट्यात कोण घेणार? नव्या योजनेत वरचे १२ सरकार देतं, जास्तीत जास्त १५ टक्क्यांपर्यंत, तेही जहाज नवीन नोंदलेलं आणि दहा वर्षांच्या आतलं असेल तर. जुन्याला कमी, वीस वर्षांवरच्याला काहीच नाही. बिनकामाच्या जुन्या बोटीला पैसे मिळत नाहीत, ही त्यातली चांगली गोष्ट.

पण हे सगळं सरकारी मालापुरतं. खासगी पोलाद कारखाना कोळसा घेतो तो बहुतेकदा 'पोचता' भावाने, म्हणजे जहाज विकणारा ठरवतो. ऑस्ट्रेलियाचा खाणवाला भारतीय जहाज का शोधेल? सरकारी खात्यांचं जुनं धोरण होतं, आयात 'जहाजावर चढवलेल्या' भावाने घ्यायची आणि निर्यात 'पोचत्या' भावाने करायची, म्हणजे दोन्ही वेळा जहाज आपण निवडायचं. दिल्लीत त्यासाठी 'ट्रान्सचार्ट' नावाची शाखाच होती. खासगी आयात वाढली तसा हा लगाम हातातून सुटला. ४०.७ वरून ७.८ कसे झाले, त्याचं मोठं उत्तर इथे आहे. आपली जहाजं फारशी घटली नाहीत, माल अनेक पटींनी वाढला आणि त्याचं जहाज निवडणारा माणूस बदलला.

---

अर्थमाणूस

मीराताई, हे उत्तम. 'जहाज निवडणारा बदलला' हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. पण खासगी कारखान्याला सक्ती करणार का? माझा तिथे ठाम विरोध आहे.

---

मीरा_चार्टरिंग

सक्ती नकोच. दहा-पंधरा वर्षांचा माल-करार करणाऱ्या कारखान्याला काहीतरी सवलत द्यावी. बँकेसमोर असा करार ठेवला की व्याजदर आपोआप उतरतो, कारण हप्ता कुठून येणार हे बँकेला दिसतं. जपानी पोलाद कंपन्या आपल्या जहाज कंपन्यांशी वर्षानुवर्षं असेच करार करत आल्या आहेत. १८९३ चा कापूस गेला, तिथे लोखंडाचं खनिज आलं.

---

जुनी_पानं

इतिहासात भर घालतो, कारण आपल्याकडे हे आणखी दोनदा घडलंय.

सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मंडळींनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांचं 'लॉयल्टी' जहाज घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून इंग्लंडला निघालं. म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. परतीचा माल मिळवताना नाकी नऊ आले. पुढे लॉर्ड इंचकेपच्या 'ब्रिटिश इंडिया' या जहाज कंपनीने दर पाडले आणि १९२३ मध्ये सिंदियाला करार करावा लागला: दहा वर्षं फक्त किनाऱ्यावर आणि ७५,००० टनांच्या आत. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन-कोलंबो स्वदेशी आगबोट काढली, तेव्हाही समोर हीच ब्रिटिश इंडिया. तिने उतारूंचं भाडं जवळजवळ फुकटावर आणलं.

१९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक भारतीय जहाजांना राखण्याचं विधेयक आणलं. ते तेव्हा झालं नाही. स्वातंत्र्यानंतर किनारा राखला गेला. १९४७ ला आपला ताफा १ लाख ९२ हजार टनांच्या आसपास होता. १९५८ च्या कायद्याने नौवहन विकास निधी आला, बाजारापेक्षा कमी व्याजाने कर्ज. १९६१ ला दोन सरकारी कंपन्या जोडून शिपिंग कॉर्पोरेशन झाली. १९८० च्या दशकात आपण साठ लाख टनांच्या घरात होतो. म्हणजे पैसा आणि माल दोन्ही असताना ताफा वाढला, हे आकडेच सांगतात.

पण त्याच निधीतून जयंती शिपिंगच्या धर्म तेजांना वीस कोटींचं कर्ज गेलं आणि १९६६ मध्ये सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. पुढे मंदीत इतरांची कर्जं थकली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी निधी गुंडाळला. ज्या वर्षी आपला वाटा ४०.७ टक्के होता त्याच सुमाराला स्वस्त कर्जाचा दरवाजा बंद झाला, हे लक्षात घ्या. घोटाळा झाला म्हणून घोटाळेबाजाला शिक्षा करावी. आपण विहीरच बुजवली.

---

रानमेवा

+१. शेवटचं वाक्य अगदी पटलं.

---

उल्सानचा_पाहुणा

मी कोरियात जहाज कारखान्यात डिझाइनला आहे, म्हणून इथलं सांगतो. ३१ ऑगस्ट २०१६ ला हानजिन शिपिंगने न्यायालयात धाव घेतली. जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर लाइन. कर्ज देणाऱ्या बँकांनी हात काढले आणि सरकारनेही वाचवलं नाही. हिशोबाने बरोबरच होतं म्हणा. पण काही दिवसांत त्यांची जहाजं समुद्रातच खोळंबली, कारण बंदरं आत घेईनात. १४ अब्ज डॉलरचा माल अडकला. बुसानची माणसं आजही त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने समुद्री व्यवसायासाठी वेगळं महामंडळ काढलं. त्याने उरलेल्या एचएमएम या कोरियन कंटेनर लाइनला प्रत्येकी २४,००० कंटेनरांची बारा जहाजं घ्यायला आधार दिला. ती २०२० मध्ये आली, सगळी कोरियात बांधलेली. लोक म्हणत होते एवढ्या मोठ्या बोटी भरणार कशाने? मग करोनाची भाडेवाढ आली आणि २०२१ ला एचएमएमने विक्रमी नफा काढला. नशिबाचा भाग मोठा होता, हे इथलेही मान्य करतात. पण जहाजं हातात होती म्हणून नशीब उपयोगी पडलं.

अर्थमाणूस यांना एवढंच विचारतो: हानजिन वाचवायला जेवढे पैसे लागले असते त्यापेक्षा नंतर जास्त खर्च झाला. हे तुमच्या हिशोबात कुठे धरता?

---

अर्थमाणूस

प्रामाणिक उत्तर: आधी धरत नव्हतो. एकदा मोडलेली लाइन पुन्हा उभारायला मार्ग, एजंट, ग्राहक सगळं नव्याने जोडावं लागतं, तो खर्च खरा आहे. माझं म्हणणं आता एवढंच उरतं की मदतीला मुदत असावी आणि ती पाळली जावी. २०२१ च्या योजनेत टक्केवारी दरवर्षी एकाने उतरते, तसं. आणि कोणाला किती दिलं हे जहाजाच्या नावानिशी जाहीर व्हावं, म्हणजे दुसरे धर्म तेजा होणार नाहीत.

---

इंजिनरूम

दोन्हींना माझा पाठिंबा. माझी एक भर: पैसे ज्या जहाजाला मिळाले ते मुदतीआधी विकलं किंवा झेंडा बदलला तर व्याजासकट परत.

---

खाडीकाठ

नमस्कार काका. मोठ्या विषयात लहान प्रश्न विचारते आहे, राग मानू नका. माझा मुलगा डीएनएसचं (जहाज अधिकारी होण्याच्या पदविकेचं) वर्ष पूर्ण करून सात महिने घरी बसलाय. अठरा महिन्यांचं समुद्रावरचं प्रशिक्षण झाल्याशिवाय पुढची परीक्षा नाही आणि बोट मिळत नाही. एक एजंट पाच लाख मागतो आहे. यांचे बाबा म्हणतात जमीन काढू थोडी. तुम्ही बोलताय त्या अनुदानाने अशा मुलांना जागा मिळतील का?

---

इंजिनरूम

ताई, राग कसला. आधी हे: त्या एजंटला एक रुपया देऊ नका आणि जमिनीला हात लावू नका. नोकरी लावून देण्यासाठी दर्यावर्दीकडून पैसे घेणं बेकायदा आहे. कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना (दर्यावर्दींची भरती करण्याचा) आहे का, ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. यादीत नसेल तर फोनच उचलू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, मिळू शकतात. टनेज टॅक्सची सवलत घेणाऱ्या कंपनीला प्रशिक्षणार्थी घ्यावेच लागतात, ती कायद्यातली अट आहे. म्हणून झेंडा आपला असलेली प्रत्येक बोट म्हणजे दोन-तीन मुलांच्या बंक. मी स्वतः अशाच एका बंकवर शिकलो.

मुलाचा इंडोस नंबर (दर्यावर्दीचा नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (दर्यावर्दीचं ओळखपुस्तक) तयार आहे ना? संपर्कातून मला निरोप टाका. माझ्याबरोबरचे दोघे आता ऑफिसात बसतात, त्यांना पैशाशिवाय शब्द टाकता येतो. टँकर चालेल का तेही विचारून ठेवा. काही मुलं घाबरतात.

---

खाडीकाठ

टँकर चालेल म्हणतो. कागद सगळे तयार आहेत. रात्री निरोप टाकते.